शॅननवरच्या बोटीत इलियन पाइप्स

इलियन पाइप्स, म्हणजे भात्यावर चालणारं आयरिश पाइप वाद्य. ते घेऊन वादनाची पहिलीच बैठक आणि तीही आयर्लंडच्या शॅनन नदीवर, बोटीत? मग आधी रीड, म्हणजे सूर काढणारी पातळ जीभ, सांभाळा. भाता कोपराने चालतो, तोंडाचा ओलावा आत जात नाही. पण नदीवरची दमट हवा जातेच. नळ गवताची रीड फुगून उघडते, चँटर (बोटांच्या भोकांची सुरावटीची नळी) वाजवायला जड होतो. पोहोचल्यावर अर्धा तास वाद्याची पेटी उघडूच नका. तरी जड वाटला, तर रीडवरची तांब्याची पट्टी सपाट बाजूंनी केसभर दाबा. जास्त दाबलीत, की दाब वाढवताच अंगठ्याच्या भोकाचा डी हा सूर खाली बसतो.

खुर्ची बिनहातांची मागा, कोपरं मोकळी हवीत. चँटरचं टोक बंद करायला मांडीवर चामड्याचा तुकडा लागतोच. तोच हमखास घरी राहतो. ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, बोटीचं इंजिन बंद असतानाच जुळवा, इंजिनाची घरघर कानाला फसवते. रेग्युलेटर, म्हणजे साथीचे सूर देणाऱ्या चाव्यांच्या नळ्या? यंदा नकोच.