‘ॲक्सिडेंटल’ म्हणजे विकृत स्वर का?

प्रश्न असा आहे: पाश्चात्त्य सुरावटी कीबोर्डावरच्या साध्या अक्षरांनी लिहायच्या ‘एबीसी’ पद्धतीवर मराठीत टिपण करायचे आहे. त्यात ‘ॲक्सिडेंटल’ला (स्वर वर-खाली करणाऱ्या खुणेला) ‘विकृत स्वर’ आणि ‘टाय’ला (एकच स्वर लांबवणाऱ्या जोडीला) ‘मींड’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही नको. पहिल्याने तर चांगलाच घोटाळा होईल.

आपल्या हिंदुस्थानी संगीतातले विकृत स्वर म्हणजे कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म. ते ‘सा’पासून ठरतात. ॲक्सिडेंटल हे स्वराचे नावच नाही. आरंभी जी ‘की’ (आधाराचा स्वर कोणता आणि कोणते स्वर कायमचे वर-खाली, हे ठरवणारी चौकट) जाहीर केली, तिच्यापेक्षा हा स्वर वेगळा घ्या, एवढे सांगणारी ती खूण. एबीसीत ती स्वराच्या अक्षराआधी येते: ^ म्हणजे शार्प (अर्धा स्वर वर), _ म्हणजे फ्लॅट (अर्धा स्वर खाली), = म्हणजे नॅचरल (ना वर, ना खाली). आता ‘जी मेजर’ (G) या कीमध्ये एफ हा आधीच शार्प असतो. जी हा सा धरला तर तो आपला शुद्ध नी, आणि त्यासाठी कुठलीही खूण लागत नाही. एफच्या आधी = घातले, की होतो कोमल नी! एफ मेजरमध्ये बी फ्लॅट हा शुद्ध म; तिथे बीआधी = आले तर तीव्र म. म्हणजे ‘नॅचरल’ म्हणजे शुद्ध हेही समीकरण कोसळले.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण यमनचे. त्यातला तीव्र म विकृत खरा, पण घरचा. यमनकल्याणात दोन गंधारांमध्ये डोकावणारा शुद्ध म मात्र पाहुणा. म्हणून मराठी शब्द हवाच असेल तर मी ‘आगंतुक चिन्ह’ म्हणेन. (‘अपघाती चिन्ह’ कृपया नको. मूळ लॅटिन शब्दात ‘येऊन पडलेले’ एवढाच भाव आहे, इस्पितळाचा संबंध नाही.)

ही खूण त्या मापाच्या (ठरावीक मात्रांच्या विभागाच्या) शेवटच्या उभ्या रेघेपर्यंतच चालते. भातखंडे लिपीत, म्हणजे आपल्या बंदिशी लिहायच्या पद्धतीत, अशी मुदत नाही. ग दहा वेळा कोमल असेल तर दहाही वेळा खाली आडवी रेघ. संगणकावर ग॒ आणि म॑ लिहिताना लोक वेदांच्या स्वरांकनाच्या खुणा वापरतात, ही मला फार आवडणारी उसनवारी. लिलीपाँड या दुसऱ्या मजकूर-पद्धतीचा स्वभावही भातखंड्यांसारखाच: ‘की’ कोणतीही असो, एफ शार्प दरवेळी ‘फिस’ (fis) असाच पुरा लिहायचा, छापील पानावर खूण दाखवायची की नाही, ते संगणक बघतो.

आता टाय. पाश्चात्त्य लिपीत प्रत्येक मापाच्या मात्रा भरायलाच हव्यात. स्वर रेघेपलीकडे लांबला, तर तो दोनदा लिहून जोडावा लागतो. एबीसीत ती जोड म्हणजे पहिल्या स्वरामागचे -, लिलीपाँडमध्ये ~. वाजवताना स्वर एकच. आधीच्या मापातली आगंतुक खूणही टायवरून रेघ ओलांडते, पण त्या स्वरापुरतीच. पुढे तोच स्वर पुन्हा आला की मूळ कीप्रमाणे. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. कागदावर दोन्हींची कमान सारखी दिसते, म्हणून ही गल्लत होते.

आपल्याला टायची गरजच पडली नाही. ‘ग॒ - | - -’ लिहिले की विभाग ओलांडूनही तोच कोमल ग चालू. स्वर पुन्हा लिहिलेलाच नाही, तर कोमल की शुद्ध ही शंका येणार कुठून? तेव्हा टिपणात ‘टाय’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘एकाच स्वराची जोड’ असे समजवा. ‘अवग्रह’ही सुचेल, पण ऽ ही खूण शब्दांच्या ओळीतली, अक्षर लांबवायची. आणि ती टंकताना इंग्रजी एस दडपून देऊ नका. छापील बंदिशींतही तो सर्रास दिसतो.