लाल्याला लाल दिसत नाही

"लेकराला रंग ओळखू येईनात, आता कसं व्हायचं त्याचं?" भरतीचे निकाल लागले की नांदेडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच. लेखी होते, मैदानी होते आणि मेडिकलला ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा दिसत नाही.

कंधारकडच्या एका मायलेकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलगा रेल्वेच्या लोको पायलट परीक्षेत पास, मेडिकलला अपात्र. पहिल्या दोन भेटींत तो बोललाच नाही. आईच बोलत होती.

"पोटात होता तवा गिरण पाळलं न्हाई म्या. भाजी चिरली, मॅडम."

आधी ग्रहण बाजूला काढलं. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. त्यातल्या लाल-हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून. त्यात खोट असली तर सावरायला दुसरा नाही. मुलींना असतो, म्हणून हे बहुतेक मुलग्यांतच दिसतं.

"म्हंजी माझ्याकडूनच की," ती पुटपुटली.

इथं घाईनं धीर द्यायचा नसतो. मी विचारलं, "आणि तुमच्याकडं कुठून आलं असेल?"

बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आमचे आबा लाल मिरच्या तोडताना हिरव्याबी तोडून आणायचे. माय लई बोलायची."

"आबांचा राग येतो?"

"छे! त्यांचा काय दोष त्यात?"

बोलली आणि थबकली. मी काहीच म्हणाले नाही. माणूस घटनेपेक्षा तिला लावलेल्या अर्थानं जास्त खचतो, हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. विवेकनिष्ठ विचारावर माझी श्रद्धा आहे ती अशा क्षणांमुळं. तो अर्थ त्या बाईनं स्वतःच्या हातानं खाली ठेवला.

मुलगा बोलता झाला तो बैलामुळं. घरी लालकंधारी, नाव लाल्या. मी सांगितलं, गायीबैलांना शंकूपेशी दोनच प्रकारच्या. लाल फडक्याला बैल बुजतो म्हणतात, पण तो बुजतो फडकं हलतं म्हणून. कुत्र्यालाही दोनच. पक्ष्यांना चार. मधमाशीला लाल दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात.

तो खुर्चीत पुढं सरकला. "म्हंजी लाल्याला बी माझ्यासारखंच दिसतं?"

"बरंचसं."

मान खाली घालून हसला. त्यानंतर तासभर बोलत होता.

पालकांनो, अकादमीची फी भरण्याआधी, आठवी-नववीतच नेत्रतज्ज्ञाकडून इशिहारा चाचणी, म्हणजे तीच ठिपक्यांतला आकडा ओळखायची, करून घ्या. मोबाइलवरच्या चाचणीवर विसंबू नका. जन्मजात दोष चष्म्यानं बरा होत नाही. तसं सांगून चष्मे विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. सौम्य-मध्यम दोष असेल तर २०२० पासून वाहन परवाना मिळू शकतो. रेल्वे इंजिन मात्र नाही, आणि हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. सिग्नल चुकला तर डब्यातल्या शेकडो जिवांचा प्रश्न असतो.

तो आता बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. पोळ्याला आईचा फोन आला. "दरसाल शिंगाला लाल हिंगूळ लावतो आमी. औंदा ह्यानं निळा अन् पिवळा आणला. म्हणला, जोडीदाराची शिंगं लाल्याला बी दिसतील, मला बी."