‘जास्त पॉवरची गोळी’ मागायची कशी?

वेदना-उपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक म्हणून काम करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, आणि तो बहुधा बोलणे संपल्यावर, खुर्चीतून उठता उठता विचारला जातो : “मॅडम, डॉक्टरांकडे जास्त पॉवरची गोळी मागितली तर त्यांना काय वाटेल?” विचारणाऱ्याची कंबर काही वर्षे दुखत असते, चालू गोळीने भागत नसते, आणि तरीही ती गोष्ट डॉक्टरांसमोर उच्चारायची त्याला लाज वाटते. असाच एक अनुभव, संबंधितांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

सेहेचाळीस वर्षांचे हे गृहस्थ चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणारी बस चालवतात. चार वर्षांपासून कंबर दुखत होती. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आल्याचे दिसले होते, परंतु शस्त्रक्रियेची गरज नाही असे दोन डॉक्टरांनी सांगितले होते. पायातली ताकद जाणे, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे, ताप किंवा कारणाविना वजन घटणे यांपैकी काही नव्हते. असते तर समुपदेशकाकडे बसून बोलण्यात वेळ घालवण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांना तातडीने डॉक्टरांकडेच पाठवले असते.

पहिल्या भेटीत मी चूक केली. “डॉक्टरांना सरळ सांगा की या गोळीने भागत नाही,” एवढा सल्ला देऊन मी मोकळी झाले. दोन आठवड्यांनी ते परत आले ते जुनीच चिठ्ठी घेऊन. काय झाले असे विचारल्यावर म्हणाले, “डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, बरं आहे.” यात हसण्यासारखे काही नाही. कोणी ‘कसं आहे?’ विचारले की ‘बरं आहे’ म्हणायचे, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते, आणि बाहेर चाळीस माणसे रांगेत असताना, पाच मिनिटांच्या भेटीत, ती सवय मोडणे माझ्या एका वाक्याने होण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या भेटीस त्यांच्या पत्नीही आल्या. घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या आणा, असे मी सांगितले होते. त्यांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. डॉक्टरांनी दिलेली अॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्रित गोळी तीत होती. घराजवळच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले, डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल असलेले दुसरे पाकीट होते. शिवाय पित्ताच्या कॅप्सूल, मलम आणि रक्तदाबाची गोळी. “एकीने नाही थांबलं की दुसरी घेतात,” वहिनी म्हणाल्या. त्यावर ते काही बोलले नाहीत. औषधांविषयी निर्णय देणे हे माझे काम नव्हे, पण एवढे मला ठाऊक होते की या दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या आहेत, त्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठराला आणि मूत्रपिंडांना असलेला धोका मात्र वाढतो, आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही गोष्ट डॉक्टरांना कळलीच पाहिजे. पॅरासिटामॉलही नकळत दोन्हीकडून पोटात जात होते.

मग खरी भीती बाहेर आली. भाच्याने त्यांना सांगितले होते की ‘पॉवरची’ गोळी म्हणजे ट्रामाडॉल, ती नशेच्या कायद्यात येते, आणि ती मागणाऱ्याकडे डॉक्टर संशयाने बघतात. ठेकेदाराच्या कानावर गेले तर बस काढून घेतील, ही भीती वेगळीच. भाच्याचे म्हणणे निम्मे खरे होते. एप्रिल 2018 मध्ये ट्रामाडॉल 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले. त्यामुळे त्याची विक्री कडक नियमांखाली आली, पण डॉक्टरांना त्याविषयी विचारणे हा काही गुन्हा झाला नाही. मात्र हे औषध अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनच्याच वाटेने काम करते, त्याने मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी येऊ शकते, सवय लागू शकते आणि ते एकाएकी बंद करता येत नाही, हेही मी त्यांना सांगितले. ‘जास्त पॉवर’ म्हणजे ‘जास्त आराम’ हे समीकरणही दिसते तितके सरळ नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर, खुबा किंवा गुडघा दीर्घकाळ दुखणाऱ्या 240 रुग्णांना वर्षभर दोन गटांत औषधे दिली गेली, तेव्हा मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या गटाची रोजची कामे इतर औषधांच्या गटापेक्षा अधिक सुधारली नाहीत, उलट दुष्परिणाम त्या गटात जास्त झाले. हे ऐकून ते जरा हिरमुसले. चार वर्षे ज्या गोळीकडे डोळे लावून बसलो ती तितकी मोठी नाही, हे पचायला वेळ लागतोच.

आम्ही एका कागदावर डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी लिहिल्या. दहापैकी किती दुखते, यापेक्षा काय अडते यावर मी भर दिला, कारण आकडा रोज बदलतो. पहाटे साडेचारला उठल्यावर बूट घालायला पंधरा मिनिटे लागतात. दीड तासानंतर क्लच दाबताना कळ येते. रात्री कूस बदलताना तीनदा जाग येते. त्याखाली पिशवीतल्या सगळ्या गोळ्यांची नावे. आणि शेवटी त्यांच्याच शब्दांत : “या औषधाने माझं काम भागत नाही. जास्त ताकदीचं औषध मला चालेल का, आणि चालणार नसेल तर का नाही, ते समजून सांगा. मी बस चालवतो.” शेवटचे वाक्य त्यांना लिहायचे नव्हते. मी ते सोडू दिले नाही.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत कागद वहिनींनी वाचून दाखवला. मेडिकलच्या पाकिटावर डॉक्टर रागावतील ही त्यांची धास्ती खोटी ठरली. डॉक्टरांनी फक्त “कधीपासून?” असे विचारले, दुसरे पाकीट बंद केले, मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी लिहून दिली, ट्रामाडॉल का नको ते चालकाच्या गुंगीच्या संदर्भात समजावले, आणि ड्युलोक्सेटीन नावाचे दुसरे औषध सुरू करून फिजिओथेरपीला पाठवले. पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यायची आणि ती अंगाला कशी मानवते ते कळल्याशिवाय स्टिअरिंगवर बसायचे नाही, असेही बजावले.

आठव्या दिवशी फोन आला. मोबाइलवर नाव शोधून ते संतापले होते : “मॅडम, मला डिप्रेशनची गोळी दिलीय. म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे?” हा गैरसमज मी इतक्यांदा पाहिला आहे की गोळी सुरू होतानाच तो दूर करायला हवा होता. मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश सौम्य करण्याच्या शरीराच्या व्यवस्थेत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही द्रव्ये काम करतात. नैराश्यावरचे हे औषध त्याच द्रव्यांवर चालते, म्हणून ते काही रुग्णांच्या कंबरदुखीतही देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सर्वांना गुण येतोच असे नाही, आणि ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी बंद केले नाही.

तीन महिन्यांनी दुखणे गेलेले नाही. बूट पाच मिनिटांत घालून होतात, रात्री एकदाच जाग येते, क्लचची कळ आहे तशीच आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये ते बसभोवती चालतात, त्यावर कामगार चेष्टा करतात. औषधाविषयी ठेकेदाराला सांगायचे की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. डॉक्टरांकडून लेखी घेऊन सांगावे असे माझे मत आहे, दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर बघू असे त्यांचे. पुढच्या मंगळवारी वहिनीही येणार आहेत, आणि त्या माझ्या बाजूच्या आहेत असे मला फोनवरून तरी वाटले.