गुजरातची गुलाबी बोंडअळी आणि विदर्भातली बोंडअळी वेगळी आहे का?

तुम्ही विचारलंय की बीटीला (म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीसाठी विषारी केलेल्या कापसाला) दाद न देणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत तयार झाली आणि तिथून आपल्याकडे आली, हे खरं का? मी यवतमाळकडच्या कापूसवाल्या घरातला, पुढे कीटकशास्त्र शिकलो. त्यामुळे या अळीने विदर्भातला कापूस पोखरला तो २०१७ चा हंगाम मी पुस्तकात नाही, वावरात पाहिला.

जात एकच आहे. १८४३ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं तेच मुळी भडोचच्या नमुन्यांवरून. मायटोकॉन्ड्रियाचा (फक्त आईकडून येणारा) डीएनए पाहिला तर भारतातल्या अळ्यांमध्ये फरक फार थोडा निघतो. किडकं बोंड फोडलंत तर अळी सरकीत शिरलेली दिसेल, कधी दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या मधे. तशीच सुप्त पडून ती कापसाच्या गाडीतून जिनिंगपर्यंत जाते. म्हणजे सरमिसळ होतच असते.

पण बीटीशी संबंधित जनुक पाहिलं की चित्र पालटतं. बीटी कापसातलं क्राय १ एसी हे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून काम करतं. ते प्रथिन बिघडलं की विष धरत नाही. अमेरिकेत या जनुकाचे मोजकेच बिघाड माहीत होते. भारतातल्या शेतांमधल्या प्रतिकारक अळ्या तपासल्या, तेव्हा आठ नवे बिघाड सापडले (हा अभ्यास २०१४ चा), आणि त्या आठांतून जनुकाच्या संदेशाच्या १९ वेगवेगळ्या तुटक्या प्रती बनत होत्या. प्रतिकाराची पहिली नोंद २००८ च्या, गुजरातमधल्या अमरेलीच्या अळ्यांची, हे खरं. पण एकाच गावातून अळीचा एकच वंश पसरला असता, तर बिघाडही एकाच तऱ्हेचा दिसला असता. म्हणून "गुजरातने पाठवली" हे मला पटत नाही. एकाच बिघाडासाठी केलेली डीएनए चाचणी तुमच्या गावातली प्रतिकारक अळी सोडून देऊ शकते, ती यामुळेच.

हा प्रतिकार अप्रभावी गुणाचा आहे. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच अळी वाचते. म्हणून बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. त्यावर वाढलेले साधे पतंग प्रतिकारकांशी जुळावेत, एवढ्यासाठी. आमच्या घरी ते छोटं पाकीट कोठीतच राहायचं, आणि गावात कुणाच्याच बांधावर बिगर-बीटीची ती ओळ मी पाहिली नाही. त्यात फरदड (वेचणीनंतरही न उपटता ठेवलेला कापूस) मार्चपर्यंत उभी. दर पिढीत प्रतिकारकच उरायचे. ॲरिझोनात ही आश्रयाची ओळ शेतकऱ्यांनी पाळली, पुढे वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने ही कीड संपल्याचं जाहीर केलं.

तुमच्या गावाचं कळायचं असेल तर फुलं लागल्यापासून डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) मोजा, कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग रोज लिहून ठेवा, आणि दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं फोडा. वरून छिद्र दिसत नाही, अळी आत असते. आणि पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटाच.