खेड्यातले लहान चर्च गावाजवळच्या आणि परदेशातल्या मिशनकार्याला मदत कशी करू शकते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, मोजकी कुटुंबे आहेत, बहुतेक कोरडवाहू शेतकरी किंवा शेतमजूर आहेत, तरुण संघाचा आग्रह आहे की मंडळीने आता मिशनकार्याला, तेही परदेशातल्या, मदत सुरू करावी, आणि वडीलधारी मंडळी म्हणतात की आधी चर्चचे गळके छप्पर नीट करा. यात बरोबर कोण आणि द्यायचेच तर किती व कसे द्यायचे, असे आपण विचारले आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या अशाच एका मंडळीचा खजिनदार असून शेती करतो, त्यामुळे हे उत्तर पाळकाच्या दृष्टीने नसून हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने दिलेले आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. माझे मत असे की मंडळीने अवश्य द्यावे, नियमाने द्यावे, परंतु पैसा ओळखीच्या मागोमाग जावा. ज्या कामातल्या एकाही माणसाला मंडळी ओळखत नाही, ज्याच्यासाठी रविवारच्या उपासनेत नाव घेऊन प्रार्थना होत नाही, त्या कामाला खेड्यातल्या मंडळीने पैसे देऊ नयेत, मग ते काम कितीही मोठे असो.

छपराचा मुद्दा आधी घेतो. विदर्भात स्कॉटिश मिशनचे काम उभे राहिले ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आल्यापासून. ज्या फ्री चर्चने त्यांना पाठवले ते अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडले होते, आणि बाहेर पडताना त्याच्या पाळकांनी वेतन, घरे आणि चर्चच्या इमारती असे सर्वच सोडले होते. कित्येक मंडळ्यांची उपासना उघड्यावर होत होती. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्परच नव्हते अशा लोकांच्या चर्चने नागपूरचे काम हाती घेतले, आणि त्या लोकांच्या लेखी नागपूर म्हणजे पृथ्वीचे शेवटचे टोक होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले फ्री मेथडिस्ट मिशनचे काम, उमरीचे रुग्णालय, १९५३ मध्ये यवतमाळला निघालेली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिक्षण देणारी संस्था, हे सर्व कोणाच्या तरी दूरच्या दानावर उभे राहिले. तेव्हा छपराची वर्गणी स्वतंत्र काढावी, तिची वही स्वतंत्र ठेवावी, आणि मिशनचा निधी तिच्यासाठी थांबवू नये. छप्पर झाले की रंग निघतो, रंग झाला की ध्वनिक्षेपक निघतो. थांबायचेच म्हटले तर कारण कधीच संपत नाही.

गरिबीच्या मुद्द्याला बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात उत्तर दिले आहे. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः अत्यंत गरीब असताना यरुशलेमच्या गरजवंतांसाठी त्यांनी आपण होऊन वर्गणीत वाटा मागितला. आपल्या देशातले उदाहरण मिझोरामचे आहे. तेथल्या घराघरांतल्या स्त्रिया स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ चर्चसाठी बाजूला ठेवतात; ही पद्धत १९१० च्या सुमारास सुरू झाली, आणि तिच्यातून मिळणाऱ्या पैशावर मिझो प्रेस्बिटेरियन चर्च आपले मिशनरी भारतभर आणि देशाबाहेरही पाठवत आले आहे. तसेच १९०५ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तमिळ ख्रिस्ती नेते व्ही. एस. अझरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम भारतीय माणसांनी आणि भारतीय पैशावर चालावे असाच आग्रह धरला होता. आमच्या महिला मंडळाने मिझोरामचे ऐकून मूठभर ज्वारीचा प्रयोग केला, परंतु आमच्या भागात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा उरला नाही आणि बहुतेक चुलींवर रेशनचे धान्य शिजते. ते विकून निधी जमवणे योग्य नाही, म्हणून बायकांनी रविवारी घरच्या कोंबडीने दिलेले अंडे चर्चचे, असा नियम केला आणि तो चांगला चालतो.

आता किती द्यावे याविषयी. ठरावीक मासिक रक्कम कबूल करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे पैसा महिन्याच्या हिशेबाने येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकले जाते, कापसाची वेचणी त्यानंतर पुढे दोन-तीन महिने चालते, तूर माघाच्या सुमारास आणि हरभरा त्यानंतर घरात येतो, आणि मृगापासून पोळ्यापर्यंत बियाणे, खत आणि निंदणाच्या मजुरीत घर रिकामे होते. उलट मिशनरीला भाजीपाला दर महिन्याला लागतो. एखाद्या कार्यकर्त्याला दरमहा अमुक रक्कम देऊ असा शब्द खेड्यातल्या मंडळीने दिला तर श्रावणात तो मोडतो, आणि त्याचा भार त्या कार्यकर्त्याच्या कुटुंबावर पडतो. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा, नोव्हेंबरअखेर आणि मार्चअखेर, जमलेली रक्कम एकदम देतो आणि घेणाऱ्या संस्थेला ती महिनेवार वाटून घ्यायला सांगतो. प्रमाण असे ठरवले आहे की वर्षभराच्या सर्वसाधारण अर्पणाचा दहावा भाग गावाबाहेरच्या कामासाठी बाजूला निघेल, म्हणजे दशांश जसा कुटुंबाने द्यायचा तसा मंडळीनेही द्यायचा. आणि हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, येणाऱ्या वस्तूंच्या लिलावाचे सर्व पैसे त्याच निधीत जातील. टक्केवारीचा लाभ असा की दुष्काळी वर्षी रक्कम आपोआप उतरते आणि कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

हंगामाच्या सणाच्या लिलावाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आमच्या मिशननिधीचा मोठा भाग तेथूनच येतो. उपासनेनंतर वेदीपुढे आलेली तूर, कोहळी, कोंबडे, कपाशीची बोंडे, वरूडकडच्या पाहुण्यांनी आणलेली संत्री यांची बोली अंगणात लावली जाते. एकच कोंबडा विकत घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि त्याच कोंबड्याची बोली तीन-तीनदा लागते, हे आपण पाहिलेच असेल. त्यात हौस असते, थोडा मानपानही असतो, आणि तेथेच एक सावधगिरी लागते: उधारीची बोली स्वीकारू नये. जोशात बोललेला पैसा पुढे वसूल करताना दोन भाऊ चर्चला येणे बंद करतात, त्यापेक्षा रोख शंभर रुपये बरे. ज्या बायकांकडे बोलीला पैसे नसतात त्या एका दिवसाच्या वेचणीची मजुरी पाकिटात घालून देतात. आमच्याकडे त्या पाकिटांची बेरीज लिलावापेक्षा फारशी मागे राहत नाही.

जवळच्या कामात काय धरावे, याचे उत्तर आपल्या भागाकडे पाहून द्यावे. आमच्यासाठी मेळघाट जवळ आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली कोरकू कुटुंबे कामासाठी बाहेर पडली की मुलांची शाळा सुटते, म्हणून आमच्या निधीचा एक भाग अशा मुलांच्या वसतिगृहाच्या खर्चाला जातो. परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. तेथल्या रुग्णांना भेटायला तरुण संघ जातो, आणि त्या भेटीला पैशापेक्षा जास्त किंमत आहे असे मला वाटते. मात्र मदत घेणाऱ्याला चर्चला येण्याची अट, सूचना किंवा अपेक्षाही असू नये. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु रेव्हरंड स्टॅनिस्लाऊस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९५६ मध्ये नागपूरला प्रसिद्ध झाला. त्या अहवालातले सर्व निष्कर्ष मला मान्य नाहीत, परंतु मदतीच्या बदल्यात धर्म हा आरोप आपल्या भागात किती जुना आहे हे त्यावरून कळते. कायद्याचे सोडले तरी, वसतिगृहाची फी आणि बाप्तिस्मा यांचा व्यवहार झाला की सुवार्तेची लाज जाते, असे माझे मत आहे. आमच्या निधीतून शिकलेल्या मुलांपैकी बहुतेक चर्चमध्ये आलेली नाहीत आणि तशी नोंदही आम्ही ठेवत नाही.

परदेशातल्या कामाची बाजू नियमांमुळे अवघड आहे, आणि तरुण संघाला ती नीट समजावून सांगावी. आपले चर्च महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाचे असेल, तर न्यासाच्या खात्यातून थेट परदेशात पैसे पाठवण्याच्या फंदात पडू नये. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, जिच्यात एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, ती केवळ निवासी व्यक्तींसाठी आहे. न्यासांना ती लागू नाही. शिवाय धर्मादाय न्यासाने भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला प्राप्तिकराची सूट सहसा मिळत नाही; त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची संमती लागते आणि हेतूही विशिष्ट असावा लागतो. म्हणून कोणा व्यक्तीला स्वतःच्या पैशातून पाठवायचे असेल तर तिने आपल्या बँकेतून, आपल्या पॅनवर, रीतसर अर्ज भरून पाठवावे, आणि मंडळीने आपल्या डायसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चच्या विभागाच्या) किंवा नोंदणीकृत भारतीय मिशन संस्थेच्या निधीत रुपयांत द्यावे. पुढचे कागदपत्र ती संस्था पाहील.

परंतु याहून सरळ मार्ग गावातच असतो, आणि तो फार थोड्या मंडळ्यांना सुचतो. आपल्या तालुक्यातली एखादी परिचारिका, शिक्षक किंवा सुवार्तिक परदेशी सेवेसाठी गेला असेल, तर त्याचे म्हातारे आईवडील येथेच असतात, मुले एखाद्या वसतिगृहात असतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी सुटीवर आल्यावर त्याला राहायला जागा लागते. त्या आईच्या औषधपाण्याची, तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याची, त्या मुलांच्या वह्यापुस्तकांची जबाबदारी गावच्या मंडळीने घेतली, तर परदेशात गेलेला माणूस तेथे निश्चिंतपणे राहू शकतो. एकही रुपया देशाबाहेर जात नाही, प्रत्येक खर्चाची पावती मिळते, आणि मंडळी ज्याच्यासाठी प्रार्थना करते त्याचे घर तिला माहीत असते. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाकडे पैशांबरोबर एपफ्रदीत नावाचा माणूसही पाठवला होता. परदेशी मदतीत माणसाची काळजी हा भाग तेव्हापासूनच आहे.

एक सूचना नेपाळसारख्या देशांबाबत. तेथल्या २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली असून २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेथे काम करणाऱ्याचे नाव, गाव आणि छायाचित्र आपल्या व्हॉट्सॲप गटावर कौतुकाने टाकणे त्याच्या अंगाशी येऊ शकते. प्रार्थनेसाठी पहिले नाव पुरे होते.

उलट दिशेने येणाऱ्या पैशाबाबतही आपल्या विश्वस्तांनी सावध राहावे, कारण मिशनकार्याचे नाव निघाले की कोणी तरी नातेवाईक बाहेरून देऊ करतोच. परदेशी अंशदान (परदेशी देणगी) विनियमन अधिनियम, म्हणजे एफसीआरए, याखाली नोंदणी नसलेल्या चर्चला परदेशी नागरिकाकडून देणगी घेता येत नाही, ती रुपयांत दिली तरीही. दुबईत नोकरी करणारा आपला पुतण्या भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भाच्याचे मात्र ठरते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही आपल्याकडचे परदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेकडून ते आपल्याकडे वळवून घेण्याचा जुना मार्ग बंद झाला आहे. फेसबुकवरून परक्या देशातला कोणी अनोळखी पाळक अनाथाश्रमासाठी मदत मागतो, किंवा मोठी देणगी देऊ करून आधी थोडे शुल्क भरायला सांगतो, त्याला उत्तरही देऊ नये.

हिशेबाची रीत साधी ठेवावी. पौलाने यरुशलेमची वर्गणी नेताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून. तोच नियम पुरतो. अर्पण दोघांनी मोजावे, त्यातला एक विश्वस्त नसावा, मोजणीच्या वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि मिशननिधी सर्वसाधारण खात्यात मिसळू नये. निधी कोणत्या कामाला द्यायचा याचा ठराव वार्षिक सभेत एकाच वर्षापुरता करावा, म्हणजे काम बंद पडले किंवा अहवाल येणे थांबले तर कोणालाही वाईट न वाटता मदत थांबवता येते. आपल्याकडे सोयाबीन निघायच्या आत असा ठराव झाला, तर यंदाच्या हंगामाच्या सणाची बोली त्या निधीच्या नावाने लावता येईल. छपराच्या वर्गणीचा ठराव त्याच सभेत वेगळा मांडावा, आणि तो वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी मांडायला सांगावे.