'यलो'चे कॉर्ड्स बरोबर आहेत, फक्त पहिली तार उतरव

तू लिहिलंस की गॅदरिंगसाठी कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं 'यलो' बसवून राहिलात, बी, एफ शार्प आणि ई तिन्ही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नीट लागतात, पण गाणं मूळसारखं वाटत नाही. मग नेटवरचे कॉर्ड चुकीचे आहेत का? नाहीत. तिथे गिटारच वेगळी लावली आहे.

बँडचा गायक ख्रिस मार्टिन हे गाणं जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिलीपर्यंत ई-ए-बी-जी-बी-डी शार्प अशा ट्यूनिंगमध्ये वाजवतो; नेहमीचं ई-ए-डी-जी-बी-ई असतं. चौथी तार डीवरून थेट बीवर, आणि पहिली ईवरून अर्धा सूर खाली. त्यामुळे कॉर्ड बदलत गेले तरी वरच्या दोन तारा, बी आणि डी शार्प, ओपन घुमत राहतात, अगदी तानपुऱ्यासारख्या. ई कॉर्डवर तो डी शार्प पडला की जी हुरहूर लागते ना, ते खरं 'यलो'! तू बार कॉर्डने सहाही तारा दाबतोस, तिथेच ती जाते.

पण चौथ्या तारेला हात लावू नको. बीवर उतरवली की ती ढिली पडून फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरते, आणि परत चढवली तरी टिकत नाही. आमच्या गॅदरिंगला मी हेच केलं होतं. पुढचं अख्खं गाणं बेसूर गेलं, आणि गाणाऱ्या मैत्रिणीचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

फक्त पहिली तार डी शार्पवर घे. ई नेहमीसारखाच धर. एफ शार्पला सहावी तार दुसऱ्या फ्रेटवर, पाचवी-चौथी चौथ्यावर, तिसरी तिसऱ्यावर. बीला पाचवी दुसऱ्यावर, चौथी-तिसरी चौथ्यावर, सहावी वाजवायची नाही. वरच्या दोन तारा तिन्ही वेळा मोकळ्या. बोटं जरा उभी ठेव, नाहीतर करंगळी दुसऱ्या तारेला चिकटते. बँडचा दुसरा गिटारिस्ट जॉनी बकलंड याची जाड आवाजाची इलेक्ट्रिक गिटार दुसऱ्या मुलाला दे. दोघांनी एकच वाजवू नका.

आपल्याकडे गॅदरिंग जानेवारीत, तेही रात्री उघड्या मैदानात. उबदार खोलीतून गिटार गारठ्यात नेली की तारा आकसतात आणि सूर चढतो. म्हणून दहा मिनिटं आधीच ती विंगेत नेऊन ठेव आणि तिथेच लाव.

जून 2000 मध्ये आलेलं हे गाणं 'पॅराशूट्स' या त्यांच्या पहिल्याच अल्बममधलं, ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरपर्यंत गेलेलं. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओबाहेर रात्री चांदणं बघताना ते सुचलं. व्हिडिओत तर समुद्रकिनाऱ्यावर भिजत चालणारा एकटा ख्रिस आहे, बाकी कुणीच नाही. तेव्हा सुरुवातीला ड्रम्सचा दणका नको. आधी नुसती अकूस्टिक ऐकू दे.

गायकाला वरचे सूर जड जात असतील तर त्याला ओरडायला लावू नका. सगळ्या तारा आणखी एक पूर्ण सूर उतरवा, बोटं तीच राहतील आणि गाणं बीऐवजी एमध्ये येईल. बऱ्याच मुलांच्या गळ्याला ते सोपं पडतं.