फाटकाचे खांब जमिनीलगतच का कुजतात?

प्रश्न : दादा, आमचं घर राजापूरकडे गावात आहे. पूर्वी गडग्याला बांबूचं बेडं होतं, आता गाडी आत घ्यायची म्हणून मोठं लाकडी फाटक केलं. खांब अकेशियाचे, सिमेंटात पक्के बसवलेले, तरी चौथ्या पावसाळ्यात एक आडवाच झाला. सुतार म्हणतो आता सागाचे घाला, शेजारचे काका म्हणतात जळकं ऑईल लावा. नक्की काय करू?

उत्तर : पडलेला खांब उपटून बघितलात का? बहुतेक वेळा तळाचा फूटभर भाग अजून टणक असतो, वरचाही ठीक असतो, आणि जमिनीच्या रेषेवर मात्र अंगठा दाबला की आत जातो. कारण बुरशीला ओल पण लागते आणि हवा पण, खोल गेलं की हवा कमी, वर आलं की ओल टिकत नाही, दोन्ही पोटभर मिळतं ते फक्त मातीच्या वरखाली चार-सहा बोटं. म्हणजे सगळी लढाई तेवढ्या पट्ट्यातच आहे.

आता सिमेंट. लाकूड ओलं असताना बसवलं की ते सुकताना आकसतं, मग खांब आणि सिमेंट यांच्यात बारीक फट पडते आणि त्यात पाणी उतरतं ते उतरतंच, खालून बंद असेल तर जाणार कुठे? तुमच्याकडे चार महिने धो धो पाऊस, म्हणजे खांब पेल्यात उभा केल्यासारखाच झाला ना! त्यापेक्षा खड्ड्यात खाली वीतभर खडी टाका, त्यावर खांब टेकवा, बाजूने खडी-मुरूम थराथराने पहारीने ठोकून भरा. सिमेंट घालायचंच असेल तर फक्त बाजूने, तळ उघडा ठेवून, आणि वरचं तोंड जमिनीपेक्षा थोडं उंच घेऊन बाहेरच्या बाजूला उतरतं करा. खोली साधारण लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेसात फुटी खांब अडीच फूट आत.

लाकडाचं म्हणाल तर साग म्हटलं की सगळं झालं असं नाही. सालीजवळचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी वाळवी खाते, टिकतो तो आतला गाभा, आणि कोवळ्या अकेशियात गाभा असतो तरी किती? ऐन, किंजळ चालेल, खैराचा जुना गाभा मिळाला तर सोनंच, पण ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तेव्हा जुन्या घराचे वासे-खांब विकायला निघालेत का ते आधी बघा. मी तरी तेच घेईन, वाळलेलं असतं आणि पैसेही वाचतात.

जळक्या ऑईलने रंग काळा होतो आणि मातीची वाट लागते, आत फारसं मुरत नाही. खांब नुसता जाळून काळा करायची पद्धतही एकटी पुरत नाही, चिरा पडल्या की पाणी आत. वरचा कापलेला भाग मात्र कोणी बघत नाही! तिथून लाकूड स्ट्रॉने प्यावं तसं पाणी पितं. तिरका कापा नाहीतर पत्र्याची टोपी घाला, आणि बिजागरीसाठी भोकं पाडली की त्यातही तेल (कोणतं ते शेवटी सांगतो) सोडून मगच बोल्ट घाला.

गाडीचं फाटक जड असेल आणि फार खटपट नको असेल, तर खरं सांगू? खांब मातीत घालूच नका. जांभ्याचा चौथरा करा, त्यात गॅल्वनाईज्ड लोखंडी पट्टीचा यू बसवा आणि खांब त्यात, जमिनीपासून दोन बोटं वर, बोल्टने आवळा. पुढे कुजलाच तर तासाभरात बदलता येतो.

तेल म्हणून कोकणात काजूच्या टरफलाचं तेल वापरतात, होड्यांनाही लावतात, चांगलं आहे, पण कच्चं असेल तर रबरी हातमोजे घालूनच लावा. मी एकदा तसाच बसलो होतो, दोन्ही हात उतले आणि आठवडाभर जेवण चमच्याने.